खाल्लेल्या शेवाळाचे पांघरूण

शंख, शिंपले, कालवे आणि माकूळ ज्या मृदुकाय प्राण्यांच्या संघात मोडतात, त्या संघाची सर्वांना ठाऊक असलेली खूण म्हणजे चुन्याचे कठीण कवच. तरीही याच संघातील गोगलगाईंच्या काही शाखांनी उत्क्रांतीच्या ओघात हे कवच हळूहळू लहान करत नेले आणि शेवटी पूर्णपणे टाकून दिले. अशा कवचहीन समुद्री गोगलगाईंना इंग्रजीत ‘सी स्लग’ म्हणतात आणि त्यांच्या हजारो जाती जगभरच्या समुद्रांत राहतात. कवच गेल्यामुळे अंग हलके झाले, अरुंद फटींत शिरता येऊ लागले आणि कवच घडवण्यात खर्च होणारी शक्ती वाचली. पण मासे, खेकडे आणि इतर शिकारी यांच्यासमोर मऊ, सावकाश सरपटणारा, लढायला दात-नख्या नसलेला देह उघडा पडला. या अडचणीतून ज्या वाटा निघाल्या त्यांपैकी एक विषाची आहे, आणि विषारी जाती बहुधा भडक रंगांनी आपल्या विषाची जाहिरात करतात. दुसरी वाट मायावरणाची, म्हणजे रंग, आकार आणि पोत यांच्या साहाय्याने भोवतालच्या परिसरात मिसळून जाण्याची आहे. समुद्री गोगलगाईंच्या मायावरणाचे वैशिष्ट्य असे की पुष्कळ जातींत ते अन्नातून येते: ज्यावर प्राणी बसतो तेच तो खातो, आणि जे खातो त्याच्याच रंगाने झाकला जातो.

या नात्याची उदाहरणे अनेक घराण्यांत सापडतात. इंडो-पॅसिफिक समुद्रातील फायलोडेस्मियम रुडमनी ही जात झेनिया नावाच्या मऊ प्रवाळावर जगते आणि तिच्या पाठीवरच्या बोटांसारख्या वाढींची टोके त्या प्रवाळाच्या उघडलेल्या तोंडांसारखी इतकी हुबेहूब दिसतात की प्रवाळाच्या झुडपात तिला वेगळे काढणे तज्ज्ञांनाही जड जाते. फेस्टिला या वंशातील जाती कठीण प्रवाळ खातात आणि त्या त्या प्रवाळाचा रंग घेतात. अटलांटिक महासागरात तरंगणाऱ्या सरगॅसम या तपकिरी शेवाळाच्या गुंत्यात राहणारी सिलिया पेलॅजिका ही जात, जिचे नाव लिनियसने १७५८ साली नोंदवले, तिच्या अंगावरच्या झालरी शेवाळाच्या पात्यांसारख्या असतात. ती शेवाळ मात्र खात नाही, शेवाळावर वाढणारे हायड्रॉइड नावाचे बारीक प्राणी खाते. या सर्वांत अन्न आणि आवरण यांचे नाते ज्या जातीत सर्वांत खोल गेले आहे ती एलिसिया क्लोरोटिका ही उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची पानासारखी हिरवी गोगलगाय होय, आणि गेल्या सहा दशकांत जीवशास्त्रात ती ज्या गटात मोडते त्यावरून जितका वाद झाला तितका इतर कोणत्याही समुद्री गोगलगाईवरून क्वचितच झाला असेल.

कॅनडातील नोव्हा स्कोशियापासून अमेरिकेतील फ्लोरिडापर्यंतच्या किनाऱ्यावर, जेथे भरतीचे पाणी गवताळ खाजणांत शिरते आणि ओहोटीला उथळ डबकी मागे ठेवते, तेथे ही जात राहते. ऑगस्टस गूल्ड या अमेरिकी शंखशास्त्रज्ञाने केलेले तिचे शास्त्रीय वर्णन १८७० साली प्रसिद्ध झाले. प्रौढ प्राण्याची लांबी साधारण दोन ते तीन सेंटिमीटर भरते आणि क्वचित सहा सेंटिमीटरपर्यंत जाते. डोक्यावर गुंडाळलेल्या पापुद्र्यासारख्या दोन शृंगिका असतात आणि शरीराच्या दोन्ही कडा पसरट पडद्यांसारख्या वाढलेल्या असतात, ज्यांना पार्श्वपाद म्हणतात. हे पडदे उलगडले की संपूर्ण प्राणी रुंद पानासारखा दिसतो. पानाच्या मध्यशिरेच्या जागी त्याच्या अंगाची मधली रेघ येते आणि दोन्ही बाजूंना फाटे फुटत गेलेल्या नलिका पानाच्या शिरांसारख्या उमटतात. या नलिका दिसायला शिरा असल्या तरी प्रत्यक्षात त्या पचनसंस्थेच्या शाखा आहेत, आणि या प्राण्याचे सारे रहस्य त्यांच्यात साठलेले आहे.

या गोगलगाईचे अन्न म्हणजे व्हाउचेरिया लिटोरिया हे धाग्यांसारखे वाढणारे शेवाळ. बहुतेक वनस्पतींचे शरीर असंख्य पेशींच्या कप्प्यांत विभागलेले असते. या शेवाळाचा धागा मात्र आत आडव्या भिंती नसलेली एक लांब, सलग नळी असते आणि तिच्यात हिरवट रस भरलेला असतो. गोगलगाय धाग्याशी आली की तोंडाने तो पकडते आणि रेत्रिका या अवयवाने, म्हणजे दातांची पट्टी असलेल्या जिभेसारख्या भागाने, धाग्याची भिंत भोसकते. इतर बहुतेक गोगलगाईंच्या रेत्रिकेवर दातांच्या अनेक ओळी असतात आणि त्या खरवडण्याचे काम करतात; एलिसिया ज्या सॅकोग्लोसा गटात मोडते त्या गटात दातांची एकच ओळ असते, एका वेळी पुढचा एकच दात सुरीसारखा वापरला जातो आणि झिजलेले दात टाकून न देता आत एका पिशवीत साठवले जातात. भिंतीला छिद्र पडताच घशाचे स्नायू आकुंचन-प्रसरण पावू लागतात आणि नळीतला रस शोषला जातो. भिंगातून पाहिले तर हिरवा धागा तोंडाजवळून मागे मागे रंगहीन, पारदर्शक होत जाताना दिसतो आणि त्याच वेळी प्राण्याच्या अंगातल्या शाखा हिरव्या होत जातात.

शोषलेल्या रसात शेवाळाच्या पेशीतले सर्व काही असते आणि त्यातले बहुतेक सारे पचवले जाते. हरितलवके मात्र वगळली जातात. हरितलवक म्हणजे वनस्पतीच्या पेशीतला तो सूक्ष्म घटक, ज्यात हरितद्रव्य असते आणि ज्यात सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी व कार्बन डायऑक्साइड यांपासून साखर तयार होते. या क्रियेलाच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. गोगलगाईच्या पचननलिकांच्या अस्तरातील पेशी ही हरितलवके गिळून आपल्या आत सांभाळून ठेवतात, नलिका अंगभर पसरलेल्या असल्यामुळे ती शरीराच्या कडेपर्यंत पोहोचतात, आणि पातळ त्वचेखालून त्यांचा रंग बाहेर उमटतो. पानाचा हिरवेपणा दाखवण्यासाठी या प्राण्याने स्वतःचे कोणतेही हिरवे रंगद्रव्य बनवलेले नाही. ज्या शेवाळात तो लपतो त्याच शेवाळाची हरितलवके त्याच्या अंगात असतात. म्हणूनच त्याचे मायावरण ही नक्कल नव्हे, ते मूळ वस्तूचेच बनलेले आहे. उचललेली हरितलवके अशा रीतीने वापरण्याला शास्त्रज्ञांनी १९९० साली क्लेप्टोप्लास्टी, म्हणजे लवकांची चोरी, असे नाव दिले.

हा रंग जन्मजात नसतो, हे या प्राण्याच्या जीवनक्रमातून स्पष्ट होते. एलिसिया उभयलिंगी असते, म्हणजे प्रत्येक प्राण्यात नर व मादी दोन्ही जननेंद्रिये असतात. वसंत ऋतूत बुळबुळीत फितीसारख्या पुंजक्यांत अंडी घातली जातात. त्यांत हरितलवके नसतात. अंड्यातून निघणारा डिंभ, म्हणजे प्रौढापेक्षा वेगळ्या रूपाची पिल्लावस्था, पाण्यात तरंगतो. त्याला लोमांनी हलणारे पंखासारखे पाळे असतात आणि, पूर्वजांची आठवण राहावी तसे, एक चिमुकले गुंडाळलेले कवचही असते. दोन-तीन आठवडे पाण्यातले एकपेशीय जीव खाऊन वाढल्यावर तो व्हाउचेरियाच्या धाग्यांवर उतरतो, कवच टाकतो आणि सरपटणाऱ्या गोगलगाईत रूपांतरित होतो. या टप्प्यावर त्याचा रंग तपकिरी असून त्यावर तांबडे ठिपके असतात. शेवाळ खायला लागल्यावरच तो हिरवा होतो, आणि प्रयोगशाळेतील निरीक्षणांनुसार पहिला सुमारे आठवडाभर त्याला सतत खावे लागते. त्याआधी अन्न काढून घेतले तर हरितलवके टिकत नाहीत आणि प्राणी पुन्हा फिका पडतो. प्रत्येक पिढीला हे पांघरूण नव्याने मिळवावे लागते.

एकदा पुरेशी हरितलवके साठली की मात्र जे घडते ते प्राणिसृष्टीत विरळ आहे. प्रयोगशाळेत या गोगलगाईंना शेवाळ न देता केवळ प्रकाशात ठेवले असता त्या नऊ-दहा महिने जगल्या, आणि त्यांचे एकूण आयुष्यच जेमतेम वर्षभराचे असते. या सर्व काळात त्यांच्या अंगातील हरितलवके प्रकाश शोषून कार्बन डायऑक्साइड बांधत होती. या गटातील काही जातींचे पार्श्वपाद प्रकाशानुसार हलतात, हेही येथे लक्षात घेण्याजोगे आहे: भूमध्य समुद्रातील एलिसिया टिमिडा मंद वा मध्यम प्रकाशात पडदे उलगडते आणि तीव्र प्रकाशात मिटून घेते, त्यामुळे आतल्या हरितलवकांची होरपळ टळते. पडदे मिटलेला प्राणी गुंडाळीसारखा आणि उलगडलेला पानासारखा दिसतो.

या गोगलगाईंच्या अंगातले हिरवे कण हे शेवाळाचीच हरितलवके आहेत, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या मदतीने १९६५ साली कावागुटी व यामासू या जपानी संशोधकांनी दाखवले; त्यापूर्वी ते कण म्हणजे आत राहणारी संपूर्ण सूक्ष्म शेवाळे असावीत असा समज होता. १९६९ साली रॉबर्ट ट्रेंच यांनी कॅरिबियन समुद्रातील, आज एलिसिया क्रिस्पाटा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जातीत ही हरितलवके खरोखर काम करतात हे सिद्ध केले. त्यानंतर जो प्रश्न उभा राहिला तो समजून घेण्यासाठी हरितलवकाची एक मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. हरितलवकाला स्वतःची थोडी जनुके असतात, पण त्याला लागणाऱ्या बहुसंख्य प्रथिनांची जनुके वनस्पतीच्या पेशीकेंद्रकात असतात, आणि प्रकाशाच्या माऱ्याने त्यातली काही प्रथिने सतत मोडत असल्यामुळे दुरुस्तीही सतत चालू ठेवावी लागते. गोगलगाय शेवाळाचे केंद्रक पचवून टाकते. मग केंद्रकाविना ही यंत्रणा महिनोन्महिने चालते कशी?

सर्वांत धाडसी उत्तर २००८ साली मेरी रम्फो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले. प्रकाशसंश्लेषणाला लागणारे शेवाळाचे एक केंद्रकीय जनुक गोगलगाईच्या डीएनएमध्ये सापडल्याचे त्यांनी जाहीर केले, म्हणजे कधीतरी शेवाळाची जनुके प्राण्याच्या वारशात शिरली असावीत असा त्याचा अर्थ होता. एका बहुपेशीय जीवातून दुसऱ्या बहुपेशीय जीवात जनुके अशी आडवी जाणे ही असामान्य घटना असल्यामुळे या निष्कर्षाची जगभर चर्चा झाली. परंतु २०११ साली एलिसिया टिमिडा आणि प्लाकोब्रँकस ओसेलाटस या जातींच्या तपासणीत अशी जनुके आढळली नाहीत, आणि २०१३ साली एलिसिया क्लोरोटिकाच्या अंड्यांतील डीएनए वाचला गेला तेव्हा तेथेही वंशपरंपरेने आलेले शेवाळाचे जनुक दिसले नाही. या दुसऱ्या शोधनिबंधाच्या लेखकांत स्वतः रम्फो होत्या. आपणच मांडलेल्या आकर्षक कल्पनेच्या विरुद्ध जाणारा पुरावा आपल्याच नावाने प्रसिद्ध करणे ही शास्त्राच्या आचरणातील मोठी गोष्ट आहे आणि तिची नोंद शोधाच्या नोंदीइतकीच आदराने व्हायला हवी. सिडनी पिअर्स यांच्या गटाने २०१४ साली गोगलगाईच्या गुणसूत्रावर शेवाळाचे एक जनुक दिसल्याचा दावा पुन्हा केला; तथापि २०१९ साली या जातीच्या संपूर्ण जनुकसंचाचा आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हाही त्या दाव्याला आधार मिळाला नाही.

जनुकांच्या चोरीचे उत्तर मागे पडल्यावर लक्ष हरितलवकांच्या स्वतःच्या काटकपणाकडे वळले. ज्या शेवाळांची हरितलवके गोगलगाईत दीर्घकाळ टिकतात, त्यांच्या लवकांतच मोडलेली प्रथिने काढून टाकण्यास मदत करणारे एफटीएसएच नावाचे जनुक शिल्लक राहिलेले आहे. इतर पुष्कळ वनस्पतींत ते केव्हाच केंद्रकात गेले. म्हणजे दुरुस्तीच्या सामानाचा काही भाग चोरीच्या मालासोबतच येतो. यावरून एकाच विशिष्ट शेवाळावर अवलंबून राहण्याचे कारणही उलगडते, कारण वाटेल ते हिरवे अन्न या कामी येत नाही.

दुसरा वाद अधिक मूलभूत होता. ‘सूर्यप्रकाशावर जगणारा प्राणी’ हे वर्णन वृत्तपत्रांना फार आवडले आणि आजही ते वारंवार छापले जाते. पण त्याला २०१४ साली चांगलाच धक्का बसला. ग्रेगोर क्रिस्टा आणि सहकाऱ्यांनी एलिसिया टिमिडा व प्लाकोब्रँकस ओसेलाटस यांपैकी काहींना प्रकाशात आणि काहींना अंधारात उपाशी ठेवले, तर दोन्ही गट महिनोन्महिने जगले आणि त्यांचे वजनही जवळपास सारख्याच गतीने घटले. कदाचित हरितलवके ही ताजी राहणारी शिदोरी असून गोगलगाय ती सावकाश पचवत असावी, असे यातून सुचते. २०२१ साली मात्र दुसऱ्या एका अभ्यासात प्रकाशात बांधलेला कार्बन एलिसिया टिमिडाच्या जननेंद्रियांपर्यंत पोहोचतो आणि जवळजवळ अंधारात ठेवलेल्या प्राण्यांची अंडी कमी भरतात, असे आढळले. २०२५ साली एलिसिया क्रिस्पाटावरील संशोधनाने हरितलवके पेशीत ज्या पटलाच्या वेष्टनात राखली जातात त्याचे स्वरूप उलगडून दाखवले, आणि दीर्घ उपासमारीत हीच वेष्टने पचनाकडे वळून हिरवा प्राणी नारिंगी होतो हेही दाखवले. या सर्व पुराव्यांतून समतोल निष्कर्ष असा काढता येतो की अशी गोगलगाय वनस्पतीप्रमाणे उन्हावर जगत नाही. ती आपले अन्न जिवंत साठवते, त्याच्याकडून काही काळ काम करून घेते आणि गरज पडेल तेव्हा ते खाऊनही टाकते. वृत्तपत्री वर्णनापेक्षा हे सत्य गुंतागुंतीचे आहे, आणि म्हणूनच अधिक मोलाचे आहे.

अन्नातून रंगाबरोबर विषही येऊ शकते. हवाई बेटांजवळची एलिसिया रुफेसेन्स ब्रायोप्सिस नावाचे शेवाळ खाते, आणि तिच्या शरीरात काहालालाइड-एफ नावाचे माशांना नकोसे वाटणारे द्रव्य शेवाळापेक्षाही जास्त प्रमाणात साठते. ओआहू बेटावरील काहाला या ठिकाणावरून नाव पडलेल्या या द्रव्याची नोंद १९९३ साली झाली आणि कर्करोगावरील औषध म्हणून त्याच्या रुग्णांवर चाचण्याही झाल्या. हे द्रव्य शेवाळ तरी बनवते का, याचा छडा २०१९ साली लागला: शेवाळाच्या आत राहणारा एक जीवाणू ते तयार करतो. म्हणजे जीवाणूने केलेले विष शेवाळाचे रक्षण करते आणि शेवाळ खाणारी गोगलगाय ते आपल्या रक्षणासाठी वापरते.

याच वंशातील आणखी एक शोध इतका विलक्षण आहे की तो थोड्या तपशिलाने सांगणे योग्य ठरेल. जपानमधील नारा महिला विद्यापीठात सायाका मितो यांना पाळलेल्या एलिसिया मार्जिनाटा या गोगलगाईंच्या भांड्यात एक सुटे डोके फिरताना दिसले. मानेवर एक बारीक खाच असते आणि त्या रेषेवरच प्राणी आपले धड तोडून टाकतो; त्या धडात हृदय असते आणि शरीराच्या वजनाचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भाग असतो. मागे उरलेल्या डोक्याची जखम दिवसभरात भरते, तरुण प्राण्यांची डोकी काही तासांतच शेवाळ खाऊ लागतात, आठवडाभरात हृदय पुन्हा वाढू लागते आणि साधारण तीन आठवड्यांत संपूर्ण नवे धड तयार होते. टाकलेले धड कित्येक दिवस, कधी कधी महिनेही हालचाल करत राहते. त्याला नवे डोके मात्र फुटत नाही. मितो आणि योइची युसा यांनी २०२१ साली हे निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा याच्या मागे परोपजीवींपासून सुटका करून घेण्याचा हेतू असावा आणि डोक्यातही पसरलेल्या नलिकांतील हरितलवकांमुळे पोट नसलेल्या अवस्थेत तगून राहणे शक्य होत असावे, असे अनुमान त्यांनी मांडले.

एलिसिया क्लोरोटिकाचा शेवट ठरावीक वेळी येतो. वसंतात अंडी घातल्यावर प्रौढांची पिढी जवळपास एकदमच मरून जाते, आणि पिअर्स यांच्या गटाला १९९९ साली अशा मरणासन्न प्राण्यांच्या पेशींत विषाणूंची मोठी संख्या आढळली होती. त्यानंतर खाजणाच्या डबक्यांत काही काळ केवळ डिंभ आणि त्यांची वाट पाहणारे शेवाळ एवढेच उरते. त्या डबक्यांत भराव पडला, किंवा सांडपाण्याने शेवाळ मेले, तर उतरायला जागा, अन्न आणि लपायचा रंग या तिन्ही गोष्टी या प्राण्याकडून एकाच वेळी हिरावल्या जातात, कारण त्याच्या बाबतीत त्या तीन गोष्टी मुळात एकच आहेत.

एलिसिया क्लोरोटिका भारतात आढळत नाही. पण एलिसिया वंशाच्या इतर जाती भारताच्या किनाऱ्यांवर नोंदल्या गेल्या आहेत, आणि २०१७ पासून काम करणाऱ्या ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ या नागरिकांच्या उपक्रमात मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवरून समुद्री गोगलगाईंच्या नोंदी सातत्याने होत आहेत. मुंबईत किंवा कोकणात ओहोटीच्या वेळी खडकांवर उतरणाऱ्या वाचकांनी हिरव्या शेवाळाकडे थोडा वेळ थांबून जवळून पाहावे, कारण त्यातले एखादे पान सरकताना दिसण्याची शक्यता असते. तसे दिसल्यास छायाचित्र घ्यावे, स्थळ आणि तारीख नोंदवावी; प्राण्याला उचलू नये, शेवाळ उपटू नये, आणि पाहण्यासाठी दगड उलटला असेल तर तो जसा होता तसाच परत ठेवावा.